बंदुकीचा अर्ज आणि तिसरी किल्ली

वहिनींनी आयुष्यात नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती सहा फूट उंच होती. रोज सकाळी साडेसहाला मागच्या दाराने आत यायची, दोन कप चहा प्यायची आणि पावणेआठच्या आत निघून जायची. ती गोष्ट म्हणजे त्यांचा मुलगा.

आता पोटच्या पोराला स्वतःच्याच घरात चोरून का आणावं लागतं, हे सांगायचं तर आधी साहेबांविषयी सांगायला हवं. साहेब म्हणजे वहिनींचे यजमान. शस्त्रपरवान्याच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली. ज्याला घरात पिस्तूल नाहीतर बंदूक ठेवायची असेल त्याचा अर्ज आधी साहेबांच्या हाती जायचा आणि बहुतेक वेळा तिथूनच परत यायचा. सही चौकटीबाहेर गेली, त्रुटी. फोटोत एक कान दिसत नाही, त्रुटी. 'शस्त्र कशासाठी हवे' या रकान्यात एका गृहस्थाने 'असावे म्हणून' असं लिहिलं होतं. तो अर्ज साहेबांनी घरी जेवताना तीन दिवस पुरवला. कचेरीत त्यांना त्रुटीसाहेब म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. गल्लीत त्यांच्या बायकोला लहानथोर सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

मुलाला साहेबांनीच खटपट करून त्या कचेरीत चिकटवला होता. पठ्ठ्या तीन आठवडे टिकला. चौथ्या सोमवारी राजीनामा दिला आणि एका बेकरीत भट्टीवर रात्रपाळीला जायला लागला. राजीनाम्याचा राग साहेबांना आलाच, पण तो राजीनामा एका ओळीचा होता, त्यावर तारीख नव्हती, आणि तो चार नंबरच्याच खिडकीतून रांगेतल्या लोकांदेखत आत सरकवला होता, याचा राग जास्त आला. घरी बाचाबाची झाली. साहेब म्हणाले, या घराची पायरी चढू नकोस. मुलगाही त्याच बापाचा. म्हणाला, नाही चढत. पायरी पुढच्या दाराला होती, मागच्या दाराला नव्हती, तेव्हा शब्द कुणीच मोडला नाही असं वहिनी स्वतःला समजावत. घराच्या तीन किल्ल्या होत्या. एक साहेबांकडे, एक वहिनींकडे, आणि तिसरी 'हरवली'. साहेब सकाळी सहा वीसला फिरायला बाहेर पडत ते सात पन्नासला परत येत, त्यात मिनिटाचा फरक नाही. असं दीड वर्ष बिनबोभाट चाललं होतं.

मग साहेब निवृत्त झाले आणि घोळ झाला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांत चुका शोधलेला माणूस, घरी बसून करणार काय? त्यांनी घर तपासायला घेतलं. आठ महिन्यांत त्यांनी एक फाइल उघडली, तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलं 'संशयास्पद घटना', आणि एक दिवस ती वहिनींपुढे ठेवली. मागच्या दाराची कडी चार वेळा काढलेली आढळली. स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढरट पावलं, माप दहा नंबर, साहेबांचं आठ. तीन नंबरच्या खुर्चीची बैठक सकाळी कोमट लागते. सगळ्यात गूढ प्रकार पावाचा होता. घरातून काही जात नव्हतं. उलट पाव येत होता. डब्यात रात्री नसलेला ताजा पाव सकाळी असायचा.

वहिनी म्हणाल्या, अहो, मीच आणते कोपऱ्यावरून. साहेबांनी मान हलवली. कोपऱ्यावरचा दुकानदार आठला उघडतो, हे त्यांनी नोंदवून ठेवलं होतं. चोर घराची पाहणी करतोय, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाव ठेवून तो आपल्याला त्याच्या येण्याजाण्याची सवय लावतोय.

"मी ठरवलंय," साहेब म्हणाले. "घरात शस्त्र घ्यायचं. रीतसर."

 चहा गाळता गाळता वहिनींचा हात थांबला आणि अर्धा चहा कपाबाहेर गेला. खरं सांगून टाकावं असं त्यांना त्या क्षणी वाटलं, नाही असं नाही. पण सांगितलं तर साहेब किल्ली मागून घेणार. आणि बापाला कळलंय हे समजलं की मुलगा आपणहून यायचा बंद होणार, कारण अभिमान त्या घरात सगळ्यांना वाटून उरेल इतका होता. सकाळचा तो सव्वा तास गेला तर वहिनींकडे दिवसात मग राहणार काय? त्यांनी सांडलेला चहा पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस. तो हसायलाच लागला. बाबा आणि बंदूक? गेल्या पावसाळ्यात छत्री निवडायला त्यांना दोन महिने लागले, पावसाळा संपला तेव्हा घेतली. वहिनींनी त्याला हसू दिलं, पण बूट दाराबाहेर झटकायला लावले. तरी पिठाची पावलं उमटायचीच. भट्टीवरच्या माणसाच्या बुटाच्या खाचांतून पीठ काही केल्या जात नाही.

मग वहिनींच्या डोक्यात आलं, की सव्वीस वर्षं जेवताना आपण कान उघडे ठेवले होते ते कशासाठी? अर्ज कशाने अडतो हे साहेबांखालोखाल या गावात कुणाला ठाऊक असेल तर ते आपल्याला. अडवू की! वहिनी साहेबांबरोबर शस्त्रांच्या दुकानात जायला आनंदाने निघाल्या. साहेबांना वाटलं, बायकोला हुरूप आला.

दुकानदार साठीचा, शांत, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता. त्रुटीसाहेबांना तो चांगलाच ओळखून होता, कारण त्याची निम्मी गिऱ्हाइकं त्यांनीच परत पाठवली होती. त्याने आधी विचारलं, घरात कोण कोण असतं, भिंती कसल्या आहेत, डोळ्यांचा नंबर किती. साहेब म्हणाले, दोघंच असतो. वहिनी कपाटातल्या काडतुसांच्या खोक्यांकडे बघत राहिल्या.

दुकानदाराने पिस्तूल दाखवलं. हाताळायला छोटं, पण नेम धरायला कठीण, आणि घाबरलेल्या हातात आणखी कठीण. मग लांब नळीची छऱ्यांची बंदूक दाखवली. खांद्याला टेकते, त्यामुळे नेम बरा, पण अवजड, आणि चिंचोळ्या घरात वळवता येत नाही. दोन्ही रिकामी आहेत हे त्याने आधी स्वतः तपासलं, मग साहेबांना तपासायला लावलं, आणि नळी सतत भिंतीकडे ठेवली. वहिनींनी अगदी भोळा चेहरा करून विचारलं, ही गोळी लागली नाही तर कुठे जाते हो? दुकानदाराने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, वहिनी, हा प्रश्न लोक घेऊन गेल्यावर विचारतात. ती भिंतीतून पलीकडे जाते. साध्या प्लायच्या भिंतीतून तर सहज जाते.

"आणि साहेब, एक लक्षात ठेवा," तो शेवटी म्हणाला. "समोर कोण आहे हे पक्कं कळल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. मी तीस वर्षं विकतोय. अर्धी दुःखं तिथेच झाली आहेत."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. त्यांना वाटलं, हा नियम दुसऱ्यांसाठी आहे.

घरी आल्यावर नकाशाचं काम निघालं. अर्जासोबत घराचा नकाशा लागतो, झोपण्याच्या जागा आणि दारं दाखवून. साहेबांनी तो मोजपट्टीने काढला, अगदी दाराच्या बिजागऱ्यांसकट. वहिनी सहज म्हणाल्या, त्या दुकानदाराने सांगितलं तशी गोळीची रेघही दाखवा ना, काम पक्कं होईल. साहेबांना कल्पना भारी आवडली. लाल पेन्सिल घेऊन ते रेघा मारू लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरू लागला. पलंगावरून मागच्या दाराकडे मारलेली रेघ थेट शेजारणीच्या जुळ्यांच्या पाळण्यात जात होती. बोळातून मारली तर वहिनींच्या शिलाईमशीनवर, म्हणजे पर्यायाने वहिनींवर. पुढच्या खोलीतून मारली तर गल्लीपलीकडच्या निवृत्त मास्तरांच्या आरामखुर्चीत. साऱ्या घरात एकच निर्धोक जागा निघाली. न्हाणीघरात बादलीवर उभं राहून बाहेरच्या दगडी भिंतीच्या दिशेने. तेवढ्यासाठी चोराला कपडे धुण्याच्या मशीनपाशी येऊन उभं राहायची विनंती करावी लागली असती.

दुसरा कुणी असता तर तिथेच हात टेकले असते. पण साहेबांनी गवंडी बोलावला आणि शेजारणीच्या बाजूच्या भिंतीला विटांचा आतला थर चढवून घेतला. जुळी सुटली. वहिनींनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर कपाट. शस्त्र कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या एका ठिकाणी नाहीत, असा नियम. साहेबांनी भिंतीत ठोकून पोलादी कपाट बसवलं आणि सराव करायचा म्हणून आत छत्री ठेवली. बटणांचा डबा गोळ्या म्हणून दुसऱ्या कपाटात. एका दुपारी त्यांनी वहिनींना चोर व्हायला सांगितलं. वहिनी मागच्या दाराने आत आल्या, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि टोपलीतले सुकलेले कपडे घडी करायला घेतले. आतून आवाज येत राहिले. चष्मा कुठाय. पहिली किल्ली घड्याळामागे. दुसरी किल्ली साबणाच्या खोक्यात, ती ओली. मग बोळात छत्री आडवी झाली आणि फ्रीज व दाराच्या मध्ये अडकली. साहेब छत्री घेऊन दारात उभे राहिले तेव्हा चार मिनिटं वीस सेकंद झाली होती आणि चोराचे सगळे टॉवेल घडी होऊन चादरी सुरू झाल्या होत्या.

"एवढ्यात मी चहासुद्धा केला असता," वहिनी म्हणाल्या.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी महिनाभर रोज सराव केला आणि वेळ पन्नास सेकंदांवर आणली. वैद्यकीय दाखला आणला, नवा चष्मा केला, प्रशिक्षणाचे सहा तास पूर्ण केले, त्यात शिक्षकाच्या प्रमाणपत्रातली एक चूक दुरुस्त करून घेतली. वहिनी एक एक दगड वाटेत टाकत होत्या आणि साहेब तो उचलून बाजूला नीट रचून ठेवत होते. वहिनींना आता कळून चुकलं, की आपण ज्याला अडवायला निघालो तो या गावातला एकमेव माणूस आहे ज्याला निर्दोष अर्ज करता येतो.

मधल्या काळात साहेबांनी त्यांना कायदाही समजावून सांगितला. दिसला चोर की झाडली गोळी, असं नसतं. जिवावर बेतलं तरच, आणि बेतलंय तेवढ्यापुरतंच. पळणाऱ्याच्या पाठीवर नाही. वस्तूंसाठी नाही. वहिनींना जरा धीर आला. त्यांनी विचारलं, मग एखादा नुसता बसून पाव खात असेल तर?

"पाव खाणाऱ्यावर मुळीच नाही."

"आणि तो एकदम उठून तुमच्याकडे वळला तर?"

 साहेब प्रामाणिक होते, खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. म्हणाले, अंधुक उजेडात दहा नंबर बुटाचा माणूस अंगावर आला तर समोरच्याने काय समजायचं? वहिनी तिथून उठून न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. त्यांना पहिल्यांदा खरोखरीची भीती वाटली. आतापर्यंत त्या मुलाच्या येण्याला जपत होत्या. आता त्यांना मुलाचा जीव दिसत होता आणि आपलं गप्प राहणंही दिसत होतं.

शेवटी कचेरीत जायचा दिवस उजाडला. चार नंबरच्या खिडकीत आता साहेबांनीच तयार केलेली मुलगी बसत होती. पहिल्या वर्षी साहेबांनी तिला दोनदा रडवलं होतं, आणि आता ती त्यांच्याच पद्धतीने कागदाचा कोपरा धरून वाचायची. तिने अकरा पानं वाचली. नकाशा उलटा करून पाहिला. साहेब श्वास रोखून उभे होते, आणि ते पाहून वहिनींना त्यांची थोडी दयाही आली. मुलगी म्हणाली, साहेब, असा अर्ज मी आजवर पाहिला नाही. साहेबांचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, फक्त सोबत राहणाऱ्याचं निवेदन राहिलंय. काकूंनी आतल्या खोलीत एकटीने बसून, स्वतःच्या अक्षरात लिहायचं. अर्जदाराने बाहेर थांबायचं.

हा नियम साहेबांचाच होता. पूर्वी नवरे बायकांच्या खांद्यावरून वाकून मजकूर सांगत, म्हणून त्यांनी तो वरिष्ठांशी भांडून लावून घेतला होता. निवेदनात तीन प्रश्न असत. घरात शस्त्र यावं अशी तुमची इच्छा आहे का? घराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? न कळवता घरात येणारं कोणी आहे का?

आतल्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि दोरीने बांधलेलं पेन होतं. वहिनींनी तिन्ही प्रश्न दोनदा वाचले. नुसतं 'नाही' लिहिलं तर कारण विचारणार. किल्ल्या दोन लिहिल्या तर पुढच्या आठवड्यात त्या कपाटातली छत्री बाहेर निघणार. पदराआडून खेळायचे डाव संपले होते. त्यांनी पेन उचललं आणि एकदा लिहायला लागल्यावर थांबल्या नाहीत.

मुलीने निवेदन वाचलं. पुन्हा वाचलं. मग नियमाप्रमाणे ते अर्जदाराला वाचायला दिलं. साहेबांनी नवा चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं:

"माझी इच्छा नाही. घराच्या किल्ल्या तीन आहेत. तिसरी आमच्या मुलाकडे आहे, ती मी दिली. तो रोज सकाळी न कळवता येतो, कारण कळवायची सोय ठेवलेली नाही. पाव तोच आणतो. माझे यजमान वाईट नाहीत, पण घाबरले की त्यांना दिसत नाही. मला दोघेही हवे आहेत."

रांगेत मागे उभा असलेला माणूस खोकला. साहेबांनी कागद खाली ठेवला, सरळ केला, पुन्हा उचलला. त्यात त्रुटी नव्हती. त्यांनी मुलीला विचारलं, अर्ज मागे घेण्याचा नमुना हल्लीही तोच आहे ना? तिने तो काढून दिला. साहेबांनी खिडकीशी उभं राहूनच भरला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'संशयिताची ओळख पटली.' मुलीने शिक्का मारला आणि दुसरीकडे पाहिलं.

दोघं घराकडे निघाली. वहिनी अर्धं पाऊल मागे चालत होत्या आणि मनात सगळी वाक्यं तयार ठेवत होत्या. गल्लीच्या तोंडाशी साहेबांनी विचारलं, रोज? वहिनी म्हणाल्या, रविवार सोडून. किती दिवस? अडीच वर्षं.  रात्री जेवणानंतर साहेबांनी फाइल काढली, 'संशयास्पद घटना' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मिटून उशाशी ठेवली. किल्ली परत घे असं म्हणतील म्हणून वहिनी वाट बघत राहिल्या, पण ते कूस बदलून झोपले, किंवा झोपल्यासारखे पडले.

सकाळी सहा वीसला साहेबांनी बूट घातले, दारापर्यंत गेले आणि परत आले. स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजच्या बाजूच्या स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर. हिवाळ्याची सकाळ, अजून फटफटलं नव्हतं. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं. ओरडणार आहेत का हाकलणार आहेत, हे त्यांना विचारायचं धाडस झालं नाही, आणि दिवा लावायचं तर दोघांच्याही लक्षात आलं नाही. साडेसहाला कुलपात किल्ली फिरली.

दार उघडलं. काखेत पुडकं धरलेला उंच माणूस आत आला, आणि साहेब ताडकन उभे राहिले. दोन्ही हात डोक्याच्या वर गेले.

मुलगा जागच्या जागी थिजला. त्याला वाटलं, असंच करायचं असतं. त्यानेही हात वर केले. पाव फरशीवर पडला. गॅसच्या निळ्या उजेडात बापलेक हात वर करून एकमेकांपुढे उभे राहिले आणि कुणीच खाली घेईना. वहिनींना हसू आवरेना, आणि त्या हसताहसताच रडायला लागल्या.

"बाबा," मुलगा म्हणाला. "मी आहे."

"माहितीये," साहेब म्हणाले.  "तूच येणार हे माहीत होतं. रात्रभर तुझीच वाट बघत होतो. आणि दार उघडल्यावर... अरे, मी तुला ओळखलं नाही." त्यांनी आपल्या वर गेलेल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "यात आत्ता काही असतं तर?"

 मुलाने पुढे होऊन बापाचे दोन्ही हात धरून खाली आणले आणि नंतरही सोडले नाहीत.